सत्तेचाळिसावी फ्रेम

गायमानमध्ये वारा पडला की कुत्री भुंकतात,
इतकी त्यांना वाऱ्याची सवय.
एप्रिलातल्या त्या रात्री नवाच्या सुमारास ती भुंकली
आणि मी भांडी तशीच टाकून
दुर्बीण परसात ओढत नेली.
तिपाईखाली तीन विटा, नळीभोवती गरम पट्टा,
दव धरू नये म्हणून.
कुंपणापलीकडे एवारिस्तोनं ओसरीतला दिवा मालवला.
न सांगता. सहा वर्षं हेच.

नौतल तारकासमूहातला तेजोमेघ
नुसत्या डोळ्यांना दिसतो
फळ्यावर बोटानं पुसलेल्या खडूइतका.
कॅमेरा तीन मिनिटं उघडा ठेवायचा,
थेंबभर उजेड साठतो.
पुन्हा तीन मिनिटं.
असं साठ वेळा.
साडेसात हजार वर्षं वाट तुडवत आलेला उजेड
माझ्या सेकंडहँड कॅमेऱ्यात उतरत असतो
तेव्हा मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलेली,
येर्बाचा कडू घोट घेत.

आमचे वेल्श पूर्वज जहाजातून या किनाऱ्याला लागले
त्याच्या थोडं आधी
त्या मेघातला एक तारा वर्षानुवर्षं भडकून
विझत आला होता.
कुणी मान वर केली असेल असं वाटत नाही.
त्यांना गोडं पाणी शोधायचं होतं.

शेवटी झाकण लावून वीस फोटो,
निव्वळ काळोखाचे.
कॅमेरा अंधारातसुद्धा काहीबाही पाहत असतो,
ते त्याचं त्याचं, नंतर वजा करायचं.
एवारिस्तोला हे फार पटलं होतं.
म्हणायचा, माझ्या बहिणीलाही एकदा
असं झाकण लावून बघायला हवं.

त्या रात्री तो आला
फडक्यात बांधलेल्या तळलेल्या पुऱ्या घेऊन.
टॉर्चला लाल कागद लावायला विसरला.
"नेस्ता, किती राहिले?"
उजेडाचा झोत दुर्बिणीच्या तोंडावरून गेला
आणि मी ओरडले.
चांगलीच ओरडले.
तो होता तिथेच थबकला,
टॉर्चवर पंजा दाबून,
बोटं आतून लाल झालेली.
तेरा राहिलेत, मी म्हटलं, जरा वेळानं.
पुऱ्या गार झाल्या होत्या. खाल्ल्या.

जुलैत तो गेला.
मी गोदामात होते, लोकर निवडत.
निरोप आला तेव्हा हातात
एकोणीस मायक्रॉनचा एक पुंजका होता,
तो कुठल्या ढिगात टाकला, आठवत नाही.

मग वारा तीन आठवडे हटला नाही,
म्हणून एप्रिलची फाइल उघडली.
साठ फोटो एकावर एक रचायचे,
मग अंधार ताणत न्यायचा,
हलक्या हातानं, लोकर पिंजतात तसा,
जरा जास्त ओढलं की तुटतो.
सॉफ्टवेअर साठही फ्रेम शेजारी शेजारी धरतं.
सगळीकडे आहे ते ठेवतं.
एकदाच घडलं असेल ते गाळतं:
उपग्रहाची रेघ,
बुएनोस आइरेसला निघालेलं विमान,
टॉर्च.

बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले.
मग दाबलं. चित्र खराब कशाला करायचं?

आता ते गोदामाच्या ऑफिसात टांगलंय,
पगारपत्रकाच्या फळ्याशेजारी.
ट्रकवाले विचारतात, खरंच एवढं लाल असतं का?
हायड्रोजन, मी म्हणते.
एकानं विचारलं, मग आम्हाला का नाही दिसत?
तुम्ही तीन मिनिटं थांबत नाही म्हणून,
असं म्हणाले, पण ते तितकंसं खरं नाही.

सत्तेचाळीस क्रमांकाची फ्रेम वेगळी ठेवली आहे.
तीत तो दिसत नाही.
खालच्या कोपऱ्यातून शिरलेला नुसता पांढुरका उजेड,
एकशेऐंशी सेकंदांतले चारपाच,
आणि त्याच्याआड बुडालेले
बरेचसे तारे.

त्याच्या घरात आता नवीन भाडेकरू आहेत.
ओसरीत रात्रभर जळणारा दिवा लावलाय, चोरांसाठी.
माणसं चांगली आहेत.
उद्या जाऊन सांगेन म्हणते,
वारा पडला तर.